ट्राउट, विषाणू आणि माझं गुळमुळीत इंग्रजी

ट्राउटचा आजार माणसाला होत नाही.

हे वाक्य मी गेल्या सव्वीस वर्षांत इतक्यांदा म्हटलं आहे की बायको म्हणते, तुम्ही झोपेतही तेच म्हणता. व्हिटबीच्या मराठी मंडळींत कुणाकडे पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण, असलं की हातात प्लेट घेऊन कुणीतरी माझ्याकडे येतंच. पुण्याचा नाहीतर नागपूरचा, आयटीतला, हुशार माणूस. "तुम्ही त्या माशांच्या लॅबमध्ये ना? मग खरं सांगा, ग्रोसरीतला मासा खायचा की नाही?" मी सांगतो की ज्या विषाणूंच्या मागे मी फिरतो ते थंड पाण्यातले, थंड रक्ताच्या जिवांतले. आपल्या अंगाच्या उष्णतेत ते टिकत नाहीत. ट्राउटचा आजार माणसाला होत नाही. तो मान डोलावत सगळं ऐकतो आणि शेवटी विचारतो, "म्हणजे नकोच ना खायला?"

मी मूळचा भंडाऱ्याचा. नागपूरला जनावरांचा डॉक्टर झालो. गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या. कॅनडात आल्यावर इथल्या लायसन्सच्या परीक्षा द्यायच्या होत्या. पण आधी घर, मग मुलगी, मग बायकोचं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन, अशा रांगेत माझी परीक्षा मागे सरकत गेली आणि एक दिवस रांगेतूनच बाहेर पडली. तेवढ्यात एका युनिव्हर्सिटीच्या मत्स्यरोग प्रयोगशाळेत टेक्निशियनची जागा निघाली. अप्लाय केलं, मिळाली. राहायचं हॅमिल्टनला आणि व्हॅन घेऊन ट्राउट पाळणाऱ्यांच्या दारोदार फिरायचं. मासे मरायला लागले की फोन यायचा. मासे छान जगताहेत, हे सांगायला कुणी कधी फोन केला नाही.

फोन येईपर्यंत त्यांनी घरगुती उपाय करून झालेले असत. पहिल्यांदा मीठ. मग शेजाऱ्याने सांगितलेलं काहीतरी. मग मागच्या वर्षीचं उरलेलं, अँटिबायोटिक घातलेलं खाद्य. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, हे माझं दुसरं पाठ झालेलं वाक्य. एका गृहस्थांनी स्वतःच्या खोकल्याच्या गोळ्या कुटून टाकीत टाकल्या होत्या. "मला तर लगेच गुण आला," असं ते मला तक्रारीच्या सुरात म्हणाले. दुसऱ्या एकाने मेलेला मासा कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यात भरून ऐन जुलैत साध्या टपालाने पाठवला. तो चार दिवसांनी पोचला. लॅबमधल्या कुणालाच खोकं उघडायची गरज पडली नाही.

आमचं काम बाहेरून दिसतं तेवढं गूढ नाही. आजारी मासा जिवंत मिळाला तर उत्तम. त्याला गुंगी देऊन मारायचं, पोट उघडायचं, मूत्रपिंड आणि प्लीहेचा तुकडा काढून बर्फावर ठेवायचा. लॅबमध्ये त्या तुकड्यात विषाणूच्या खुणा शोधणारं यंत्र आहे, ते दोन-तीन दिवसांत पहिलं उत्तर देतं. दुसरी पद्धत जुनी आणि सावकाश. काचेच्या बशीच्या तळाशी माशाच्या पेशींचा पातळ थर वाढवायचा, त्यावर त्या तुकड्याचा रस सोडायचा आणि वाट बघायची. विषाणू असला तर थराला भोकं पडत जातात, कसर लागलेल्या शालीसारखी. औषध कशावरच नाही. आमचं उत्तर म्हणजे रोगाचं नाव. त्यानंतर उरतं ते एकच: रोग दुसरीकडे जाऊ द्यायचा नाही. बूट धुवा, जाळी धुवा, मासे हलवू नका. सव्वीस वर्षं हेच सांगत आलो आणि सव्वीस वर्षं लोक धुतलेल्या बुटांनी न धुतलेली जाळी उचलत आले.

आता माझ्या बोलण्याबद्दल थोडं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका शेतकऱ्याला सरळ म्हणालो होतो, "तुझ्या टाक्या घाण आहेत म्हणून मासे मरताहेत." त्याने वर तक्रार केली. आमची मॅनेजर भली बाई होती. तिने मला कॉफी दिली, समोर बसवलं आणि म्हणाली, "तुझं काम उत्तम आहे. पण तू जरा ब्लंट आहेस." मग तिने मला इथली भाषा शिकवली. "हे करू नकोस" असं म्हणायचं नाही. "यू माइट वॉन्ट टू कन्सिडर..." असं म्हणायचं. मी मन लावून शिकलो. दहा वर्षांत इतका तरबेज झालो की कुणाच्या घराला आग लागली असती तरी दारावर टकटक करून, आपल्याला कदाचित बाहेर यावंसं वाटेल, असं म्हणालो असतो. दर वर्षीच्या रिव्ह्यूमध्ये माझ्या कम्युनिकेशनची तारीफ होऊ लागली.

वेनची हॅचरी हॅमिल्टनपासून उत्तरेला अडीच तासांवर. टेकडीच्या पोटातून झरा येतो, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात सारखाच गार. त्या झऱ्यासाठीच त्याच्या वडिलांनी ती जागा घेतली होती. आत शेडमध्ये अंडी आणि बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. बाहेर सिमेंटच्या लांब पाटांमध्ये मोठे मासे. सर्वांत वरच्या पाटात वेनच्या जिवाभावाच्या माद्या, वडिलांच्या काळापासून निवडून वाढवत आणलेल्या वाणाच्या. वेन साठीचा, बोलायला थोडा, ऐकायला त्याहून थोडा. बायको लॉरीन शेडमधली पिल्लं सांभाळायची आणि रोजच्या नोंदी ठेवायची. मेश्राम म्हणायला लांब पडतं म्हणून वेनने पहिल्याच भेटीत माझं "मेश" केलं. मेश म्हणजे जाळी. माशांच्या धंद्याला शोभतं, म्हणाला.

मी निवृत्त व्हायच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. मे महिन्यातल्या एका गुरुवारी त्याचा फोन आला.

"मेश, पाण्यात काहीतरी आलंय."

"पिल्लं मरताहेत?"

"थोडी."

थोडी म्हणजे काय ते मी जाऊन बघितलं. लॉरीन टाकीतून मेलेली पिल्लं चाळणीने काढून बादलीत टाकत होती, आणि तिची ती सकाळची तिसरी बादली होती. जिवंत होती त्यांतली कितीतरी काळवंडलेली, पोटं फुगलेली, डोळे बाहेर आलेले. काही स्क्रूसारखी स्वतःभोवती गिरक्या घेत पुढे जात, मग दमून तळाशी आडवी पडत. मी एक उघडलं. आतड्यात खाद्याचा कण नाही, नुसता पांढरा चिकट द्रव.

ते बघताच मला कळलं. या रोगाचं लांबलचक नाव आहे, आम्ही आयपीएन म्हणतो. पिल्लांचं स्वादुपिंड सडवणारा विषाणू. पिल्लं पटापट मरतात, पण मोठ्या माशांना काही होत नाही. त्यांच्या अंगात तो मुकाट राहतो आणि विष्ठेतून, अंड्यांतून बाहेर पडत राहतो. मोठा मासा तजेलदार, चपळ दिसतो आणि सगळ्या पाण्याला रोग वाटत फिरतो.

"काय आहे?" वेनने विचारलं.

लॅबचा नियम असा की रिझल्ट हातात येईपर्यंत रोगाचं नाव घ्यायचं नाही. नियम योग्यच आहे. मी म्हणालो, "बऱ्याच शक्यता आहेत. व्हायरल असण्याची शक्यता नाकारता येत नाही. सॅम्पल घेतलंय, सोमवारी पहिला रिझल्ट मिळेल."

तो दारातून बाहेरच्या पाटांकडे बघत होता. "बाहेरचे मोठे तर ठणठणीत आहेत."

"दिसताहेत तसे."

"मग?"

तेव्हा मी जे म्हणालो ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणालो, "यू माइट वॉन्ट टू होल्ड ऑफ ऑन मूव्हिंग एनीथिंग. जस्ट टिल मंडे."

वेन "हं" म्हणाला. मी बूट जंतुनाशकात बुडवले, ब्रशने घासले, जाळं दोनदा धुतलं आणि निघालो.

जेवताना बायकोने विचारलं, "आज कुठं होते?"

"वेनकडे. आयपीएन आहे त्याच्याकडे. शंभर टक्के."

"सांगितलं त्याले?"

"रिझल्ट आल्यावर सांगेन."

बायको हॉस्पिटलात वीस वर्षं नर्स आहे. भाजी वाढता वाढता थांबली. "शंभर टक्के ठाऊक आहे, मग काहून नाही सांगितलं?"

मी प्रोटोकॉल समजावून सांगितला. तिने ऐकून घेतलं आणि विषय बदलला. लग्नाला तीस वर्षं झाली की अशा विषय बदलण्याचा अर्थ कळतो.

शनिवारी सकाळी सातच्या आधी लॉरीनचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती.

"मेश, हे मी तुला सांगतेय ते वेनला आवडणार नाही. त्याने काल दुपारी डर्बीचे मासे नेऊन टाकले."

"कसली डर्बी?"

तेव्हा कळलं. त्यांच्या गावाच्या कडेला एक तळं आहे. दर मे महिन्यात तिथे मुलांची मासेमारी स्पर्धा असते आणि वीस-एक वर्षं त्यासाठीचे मासे वेन देत आला होता, भेट म्हणून. शुक्रवारी त्याने बाहेरच्या पाटातले मोठे, देखणे ट्राउट ट्रकच्या टाकीत भरून त्या तळ्यात सोडले होते.

"तळ्याचं पाणी कुठं जातं?" मी विचारलं.

"ओढ्यात," लॉरीन म्हणाली. "म्हणून तर फोन केला."

त्या ओढ्यात ब्रूक ट्राउट आहेत. इथले मूळचे, रानटी, अंगावर लाल ठिपक्यांभोवती निळी कडी असलेले. आणि आयपीएन त्यांना सर्वांत लवकर धरतो.

मी मॅनेजरच्या फोनवर निरोप ठेवला, सरकारी खात्याच्या इमर्जन्सी नंबरवर निरोप ठेवला. तिथल्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाने मला सांगितलं की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग व्हॅन काढली. वाटेत एकच विचार. हातात रिझल्ट नाही, अधिकार नाही, मी इन्स्पेक्टर नाही. मी टेक्निशियन आहे आणि मला पोरांच्या जत्रेत जाऊन मासेमारी थांबवायची आहे.

पोचलो तेव्हा तळ्याभोवती रंगीत टोप्यांची गर्दी होती. हॉट डॉगचा वास, स्पीकरवर गाणी. मार्शा नावाच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका सगळ्याच्या प्रमुख होत्या. गळ्यात शिट्टी, हातात यादी. त्यांना बाजूला घेऊन मी काय आहे ते सांगितलं.

"मुलांना धोका आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही. ट्राउटचा आजार माणसाला होत नाही."

"मासे खाल्ले तर?"

"काही होत नाही."

"मग धोका कुणाला?"

"ओढ्यातल्या माशांना."

त्यांनी ओढ्याकडे बघितलं, मग मुलांकडे, मग माझ्याकडे. "आणि हे नक्की आहे?"

जीभ सवयीने वळली होती. शक्यता नाकारता येत नाही, रिझल्ट सोमवारी. मी एवढंच म्हणालो, "लॅबचा कागद सोमवारी येईल. मी मात्र गुरुवारी डोळ्यांनी बघितलंय."

"म्हणजे एका अंदाजावर एवढ्या मुलांना घरी पाठवू?"

मला चीड येत होती आणि त्याच वेळी त्या बाईंचं म्हणणंही पटत होतं. त्यांच्या जागी मीही हेच विचारलं असतं. मग मी म्हणालो, मुलांना घरी पाठवू नका. उलट जेवढे मासे पकडले जातील तेवढं बरं. पण पकडलेला एकही मासा जिवंत बाहेर जाता कामा नये, तळ्यातही परत सोडायचा नाही. मासे साफ करून आतली घाण ओढ्याकाठी टाकायची नाही. आणि तळ्यातून ओढ्यात जाणारं पाणी आत्ताच्या आत्ता बंद करायचं. मार्शाबाईंनी तीस वर्षं शाळा चालवली होती. कळल्यावर त्यांनी वेळ घालवला नाही. शिट्टी फुंकली आणि स्पीकरवरून सूचना दिली. इथे पकडून सोडून देणं म्हणजे मोठी सभ्यता समजतात, त्यामुळे मासे ठेवून घ्या म्हटल्यावर दोन-तीन आया माझ्याकडे खुन्याकडे बघावं तशा बघू लागल्या.

पाण्याच्या वाटेवर फळ्या बसवायची खाच होती, पण फळ्या कुठे आहेत ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणालं टाउनच्या शेडमध्ये, शेडची किल्ली सुट्टीवर. शेवटी चार बाप्यांनी हॉट डॉगच्या तंबूचं एक टेबल उचलून आणलं, ते खाचेत आडवं दाबलं आणि वाळूची पोती रचली. पाणी थांबलं. काल दुपारपासून किती गेलं असेल याचा हिशोब मी मुद्दाम केला नाही.

पोती रचून कंबर सरळ करतो तोच ओढ्याच्या काठाने एक माणूस बादली घेऊन जाताना दिसला. सोबत सहा-सात वर्षांची मुलगी. माणूस आपल्याकडचा. मी पळत हाक मारली, "भाईसाब, रुकिए." तो थांबून वळला, पण तोवर मुलीने बादली कलती केली होती. एक चांगला हातभर ट्राउट चमकन पाण्यात उतरला आणि दगडांआड गेला.

तो माणूस हसून म्हणाला, "बच्ची रो रही थी भाईसाब. बोली, पापा, इसको घर जाने दो. हमने सोचा, जीव है, पुण्य का काम है." ब्रॅम्प्टनहून खास मुलीला घेऊन आले होते. सूचना झाली तेव्हा तो वॉशरूमच्या रांगेत होता.

मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "ही लाइक्स इट देअर."

मी बौद्ध घरातला माणूस, प्राणिमात्रांवर दया करा हे लहानपणापासून म्हणत आलेला, आणि त्या क्षणी मला त्या मुलीच्या दयेचा भयंकर राग आला होता. मी तिला "येस" म्हणालो. त्या माणसाला बाजूला घेऊन हिंदीत सांगितलं की तो मासा आजारी आहे, बाकीच्यांनाही आजारी करेल. त्याचा चेहरा पडला. "तो पहले बोलना चाहिए था ना," तो म्हणाला.

आधीच सांगायला हवं होतं. बरोबर.

वेन पार्किंगमध्ये ट्रकला टेकून उभा होता. सगळा प्रकार त्याने तिथूनच बघितला होता. मी तरातरा त्याच्याकडे गेलो. गुरुवारपासूनचं सगळं तोंडाशी आलं होतं.

"मी तुला मासे हलवू नको म्हटलं होतं."

"नाही म्हटलंस," वेन म्हणाला.

"वेन, मी स्पष्ट..."

"यू सेड माइट." त्याचा आवाज चढला नव्हता. "तू म्हणालास, यू माइट वॉन्ट टू. मला वाटलं, मेशला काळजी वाटली असती तर त्याने सांगितलं असतं. तू टाकी बघितलीस, एक मासा उघडलास आणि शांतपणे व्हॅनमध्ये बसलास. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. तुझ्या तोंडावर काही नव्हतं." मग त्याने विचारलं, "तुला तेव्हाच कळलं होतं का?"

"हो."

त्याने तळ्याकडे बघितलं. "मुलांना कबूल केलं होतं रे," तो म्हणाला.

त्याचीही चूक होतीच, ती मी झाकत नाही. शेडमधली पिल्लं बादल्यांनी मरत असताना त्याच पाण्यावरचे मासे कुणी दुसरीकडे नेत नाही. हे त्याला कळायला हवं होतं, आणि मला वाटतं आतून कळलंही होतं. नाहीतर त्याने डर्बीबद्दल मला गुरुवारीच सांगितलं असतं. ज्याला ऐकायचं नव्हतं त्याच्याशी मी ऐकू येणार नाही असं बोललो होतो. आम्हा दोघांचं चांगलं जमलं होतं.

त्या दुपारी डर्बी संपल्यावर वेनने ओढजाळं आणलं. आम्ही दोघांनी छातीपर्यंत पाण्यात उतरून ते तळ्यातून दोनदा ओढलं आणि उरलेले मासे काढून मारले. जाळं ओढताना बोलायची गरज पडत नाही, एवढी एक सोय.

सोमवारी रिझल्ट आला. आयपीएन.

मग सरकारी खातं जागं झालं. फॉर्म आले. फॉर्ममध्ये एक रकाना होता, प्रत्येक जनावराचा ओळख क्रमांक. मी फोन करून सांगितलं की बोटुकल्यांना कानात बिल्ला नसतो, कानच नसतात. पलीकडचा गृहस्थ अतिशय सभ्यपणे म्हणाला, "रकाना रिकामा सोडला तर सिस्टिम फॉर्म पुढे जाऊ देत नाही." शेवटी आम्ही शून्य लिहिलं. सिस्टिम खूश झाली. तेवढ्यात आणखी दोन आठवडे गेले आणि शेडमधली पिल्लं कुणाच्या परवानगीची वाट न बघता मरून संपली.

राहिले मोठे मासे. जूनच्या मध्यावर सगळे मारून जागा रिकामी करायचं ठरलं. ते काम आमच्याच टीमकडे. पाण्यात गुंगीचं औषध जास्त प्रमाणात मिसळायचं, मासे आधी कलंडतात, मग कल्ले हलायचे थांबतात. त्रास होत नाही, असं आम्ही मालकाला सांगतो. माशांपुरतं ते खरं आहे.

सर्वांत वरच्या पाटातल्या माद्या वेनने दुसऱ्या कुणाला काढू दिल्या नाहीत. एकेक दोन्ही हातांवर उचलून तो औषधाच्या टाकीत सोडत होता, हळू, अंड्यांच्या हंगामात उचलतात तशी. एकीच्या पाठीवर बगळ्याच्या चोचीची जुनी खूण होती. तिला हातात घेऊन तो म्हणाला, "ही माझ्या मुलीच्या लग्नाच्या वर्षीची." लॉरीन शेजारी वही घेऊन उभी होती. ती रोजच्यासारखी नोंद करत होती, पाट, संख्या, वेळ. दुपारी तिने आम्हा सगळ्यांना सँडविचेस दिली. मला देताना म्हणाली, "मी तुला गुरुवारी रात्रीच फोन करणार होते. वेन ट्रकची टाकी धूत होता तेव्हाच. मग म्हटलं, मेश काही बोलला नाही, म्हणजे एवढं काही नसेल." हे तिने दोष द्यायला सांगितलं नाही. तिला स्वतःचंच काही सांगायचं होतं. मी ते सँडविच कागदात परत गुंडाळून व्हॅनमध्ये ठेवलं.

नंतर पाट कोरडे केले, चुना मारला, शेड घासली. झरा मात्र स्वच्छ होता. जमिनीतून येणाऱ्या पाण्यात मासेच नसतात, तर रोग कुठून येणार? तो वेनकडे आला कुठून, ते शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. वेन म्हणे बगळ्यांच्या विष्ठेतून. लॉरीन म्हणे मागच्या हिवाळ्यात उसन्या आणलेल्या जाळ्यातून. मी वर्षभर जागा रिकामी ठेवायला सांगितली. या वेळी "सांगितली" हेच क्रियापद बरोबर आहे. वर्षाने त्याने तपासलेली, दाखला असलेली अंडी आणली. मासे आहेत, धंदा चालतो. वडिलांचा वाण गेला तो गेला.

ओढ्याचं काय झालं ते कळायला ऑक्टोबर उजाडला. ओढा तपासताना पाण्यात हलका करंट सोडून मासे गुंगवतात आणि जाळीने उचलतात. विषाणू आहे का हे बघायला त्यातले काही मारावे लागतात, म्हणजे ज्यांना वाचवायचं त्यांनाच. हे काम मी कुणाला समजावायच्या भानगडीत आता पडत नाही. त्या सकाळी आम्ही गाडीतून सामान उतरवत होतो तर वेन आधीच काठावर उभा, कमरेपर्यंतचे रबरी बूट घालून, हातात दोन बादल्या. बोलावलं कुणीच नव्हतं.

"बूट धुतलेत?" मी विचारलं.

"दोनदा," तो म्हणाला.

त्या वर्षीच्या सॅम्पलमध्ये दोन ब्रूक ट्राउट पॉझिटिव्ह निघाले. विषाणू तळ्यातून वाहून गेलेल्या पाण्याने आला, त्या मुलीच्या माशाने, की आधीपासूनच होता, सांगता येत नाही. इथे मी "सांगता येत नाही" म्हणतोय ते खरोखरच येत नाही म्हणून. दुसऱ्या वर्षी पुन्हा सापडला. तिसऱ्या वर्षीही. ओढ्यात मासे आहेत, अंडी घालतात, पण पिल्लं पूर्वीपेक्षा कमी दिसतात असं तिथले जुने गळवाले म्हणतात. वेन दर ऑक्टोबरला यायचा, बादल्या वाहायचा. माफी त्याने मागितली नाही, मीही नाही.

मागच्या ऑक्टोबरला, माझ्या निवृत्तीआधीच्या शेवटच्या फेरीत, वरच्या डोहाशी आम्ही दम खायला थांबलो. पाणी गुडघ्याएवढं, तळाचे खडे दिसत होते. बादलीत एक मादी होती, अंड्यांनी भरलेली, पोटाशी नारिंगी रंग चढलेला. वेन वाकून तिच्याकडे बघत होता.

"मेश, हे कधी जाईल का रे ओढ्यातून?"

त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे नेहमीची तीन-चार वाक्यं तयार होती. निरीक्षण चालू आहे. अजून काही हंगाम बघायला हवेत. निसर्ग सावरतो कधीकधी.

"नाही," मी म्हणालो. "इट वोन्ट."

त्याने मान हलवली. मग बादलीत हात घालून त्या मादीला दोन्ही हातांवर घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. सॅम्पलसाठी मारायच्या माशांत अजून एक कमी होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी सोड म्हणालो. तिला पाण्यात सोडून तो बादली विसळू लागला.